विश्लेषण : ‘रूम आहे, पण...’, लोह्याच्या हायवेवर पाहुणा नेमका कुठे निसटतो?

लॉज, धाबा, मंगल कार्यालय सांभाळणाऱ्या मॅनेजरचं बोलणं हा धंद्याचा भाग आहे, स्वभावाचा नाही. मग तो शिकवत का नाहीत?

रात्रीचे साडेनऊ वाजलेत. नांदेडहून लातूरकडे निघालेलं एक कुटुंब लोह्याजवळच्या एखाद्या लॉजसमोर गाडी थांबवतं, असं समजू. गाडीत म्हातारी आई आणि दोन पेंगुळलेली लेकरं आहेत. काउंटरवर बोलणं होतं ते साधारण असं :

‘‘रूम आहे का?’’
‘‘आहे.’’
‘‘किती?’’
‘‘बाराशे.’’
‘‘एसी आहे ना?’’
‘‘एसी लावला तर तीनशे वेगळे.’’
‘‘सकाळी गरम पाणी मिळेल?’’
‘‘ते सकाळी बघू.’’
‘‘थोडं कमी होईल का दादा?’’
‘‘मालकाला विचारावं लागंल. मालक झोपलेत.’’

गाडी अहमदपूरच्या दिशेनं निघून जाते. मॅनेजर खोटं बोलला नाही आणि उद्धटही बोलला नाही. विचारलं तेवढ्याचं उत्तर त्यानं दिलं. तरी रूम रात्रभर रिकामी राहिली, आणि रिकाम्या रूमचा माल दुसऱ्या दिवशी विकता येत नाही. कापड दुकानात आज न विकलेली साडी उद्या विकते. आजची रात्र उद्या विकता येत नाही.

हॉटेल व्यवसायाच्या पुस्तकात याला ‘पटवून देणारा व्यावसायिक संवाद’ असं भारदस्त नाव आहे. नाव बाजूला ठेवलं तर मुद्दा सोपा आहे. समोरच्याला निर्णय घेण्यासाठी लागणारी माहिती त्याला लागते त्या क्रमानं द्यायची आणि दिलेला शब्द पाळता येईल एवढाच द्यायचा.

हा प्रश्न लोह्याचा का?

लोहा नांदेड-लातूर मार्गावर आहे. तुळजापूरहून लातूर, नांदेड, यवतमाळ, वर्धामार्गे नागपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ याच पट्ट्यातून जातो. रस्ता सुधारला की गाड्या वाढतात, पण त्यांचा वेगही वाढतो. पूर्वी खड्ड्यांमुळे दमलेला प्रवासी नाइलाजानं थांबायचा. आता त्याला थांबायला कारण लागतं.

लोह्यापासून तीसेक किलोमीटरवर नांदेड आहे. तिथल्या तख्त सचखंड श्री हजूर साहिबला देश-परदेशातून भाविक येतात. २००८ साली गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीच्या निमित्तानं शहरात निवासाच्या सोयी वाढल्या. ऑगस्ट २०२५ पासून मुंबईची वंदे भारत नांदेडपर्यंत धावते आहे. लोहा तालुक्यातच माळेगाव आहे. मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरली की घोडे, गाढवं, लाल कंधारी बैल, व्यापारी, तमाशाचे फड आणि लाखो माणसं इथे येतात. म्हणजे पाहुणा आणायला जाहिरात करावी लागत नाही, तो दारावरून जातोच. प्रश्न त्याला दारात थांबवण्याचा आहे.

त्यात एक गंमत आहे. नांदेडमधल्या लॉजवाल्याची स्पर्धा चक्क फुकटाशी आहे. गुरुद्वाऱ्याचा लंगर सगळ्यांसाठी खुला असतो आणि तिथे कुणी नाव, गाव, जात विचारत नाही. तिथल्या पंगतीत बसून आलेल्या माणसाला बाहेरच्या हॉटेलात वेटरनं तुसडेपणानं पाणी आदळलं तर फरक लगेच जाणवतो. पैसे घेऊन दिलेली सेवा फुकट सेवेपेक्षा कमी आदराची असेल तर कोणतंही संवादकौशल्य कामाला येणार नाही.

गोड बोलणं म्हणजे पटवणं का?

‘कम्युनिकेशन स्किल’च्या नावानं चालणारे बरेच क्लास मुलांना इंग्रजीतली चार स्वागताची वाक्यं, हसू आणि टाय बांधणं शिकवतात. नांदेड-लातूर पट्ट्यात मॅनेजरचा निम्म्याहून जास्त दिवस मराठी-हिंदीत जातो. तेलंगणाची हद्द जवळ असल्यानं तेलुगू कानावर पडते, यात्रेकरूंमुळे पंजाबीही. इंग्रजी आली तर चांगलंच, पण ‘वेलकम सर’ म्हणून पुढे ‘सकाळी बघू’ असंच म्हणायचं असेल तर इंग्रजीनं काही वाचत नाही.

वरचं बोलणं वेगळं कसं झालं असतं? ‘‘या मावशी, बसा आधी. रूम आहे. एसीसकट पंधराशे, वर काही नाही. खालच्या मजल्यावरची देतो, आजींना जिना नको. गरम पाणी सकाळी सहा ते नऊ. आधी रूम बघून घ्या, मग ठरवा.’’ दर तोच, पंधराशे. पण पाहुण्याला चार प्रश्न विचारावे लागले नाहीत, आणि मॅनेजरनं गाडीतली म्हातारी पाहिली होती हे त्याला कळलं. ‘आधी बघून घ्या’ यात सगळ्यात मोठा विश्वास आहे. लपवायचं असणारा माणूस हे म्हणत नाही.

अर्थात, सहा ते नऊ म्हटलं तर सहाला पाणी गरम हवं. गिझर बंद असेल तर ‘गिझर बंद आहे, बादलीनं देतो’ हेच सांगितलेलं बरं. रात्री कळलेली अडचण पाहुणा पचवतो, सकाळी अंगावर गार पाणी घेताना कळलेली नाही.

दर सांगताना जीएसटीचं काय?

भांडणं सर्वाधिक इथेच होतात, म्हणून हे नीट समजून घ्यायला हवं. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या हॉटेल रूमवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. पंधराशेच्या रूमवर आधी १८० रुपये कर लागायचा, आता ७५ लागतो. पाहुण्याचे १०५ रुपये वाचले. पण यात एक मेख आहे. नव्या दरात हॉटेलला ‘इनपुट टॅक्स क्रेडिट’ मिळत नाही. म्हणजे एसी, टीव्ही, गाद्या खरेदी करताना भरलेला कर वजा करता येत नाही. त्यामुळे एखाद्या मालकानं मूळ दर थोडा वाढवला असेल तर त्याला कारण आहे. ते कारण काउंटरवरच्या माणसाला दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे. ‘सरकारनं वाढवलं’ हे उत्तर खोटं ठरतं, कारण कर उलट कमी झाला आहे, आणि पाहुण्याच्या हातात मोबाइल आहे.

रेस्टॉरंटची आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. छोटं हॉटेल ‘कंपोझिशन’ योजनेत असेल तर त्याला ग्राहकाकडून वेगळा जीएसटी घेता येत नाही; कर मालकानं स्वतःच्या उलाढालीतून भरायचा असतो. नोंदणीच नसेल तर घेण्याचा प्रश्नच नाही. तरी ‘जीएसटी एक्स्ट्रा’ असं छापलेलं मेन्यूकार्ड दिसतं. तो बोलण्यातला नाही, कायद्यातला घोटाळा आहे.

सर्व्हिस चार्जची पद्धत मोठ्या शहरांतली. तो बिलात आपोआप लावू नये, या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचना दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये योग्य ठरवल्या. लोह्यात कुणी तो लावत नसेलही, पण शेवटी चिकटवलेला कोणताही ‘चार्ज’ पाहुण्याला तसाच टोचतो.

‘शेवटची एकच रूम आहे’ म्हणावं का?

खरंच एक असेल तर जरूर म्हणावं. नसेल तर ही युक्ती आता कायद्याच्या नजरेत आली आहे. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रानं ‘डार्क पॅटर्न’बाबत मार्गदर्शक सूचना काढल्या आणि १३ प्रकार नोंदवले. त्यात खोटी घाई दाखवणं आहे आणि आधी कमी दर दाखवून शेवटी रक्कम फुगवत नेणंही आहे. सूचना ऑनलाइन विक्रीला डोळ्यांसमोर ठेवून केल्या असल्या, तरी काउंटरवर फसवून विकणं ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचितच ठरतं. बाराशे सांगून एसीचे तीनशे मागाहून काढणं ही त्याच प्रकाराची गावठी आवृत्ती म्हणता येईल.

पटवणं आणि फसवणं यातली रेषा शोधायला एक कसोटी पुरते. पाहुण्याला सगळं कळलं असतं तरी त्यानं हाच निर्णय घेतला असता का?

बुकिंग करून न येणाऱ्यांचं काय करायचं?

फोनवर रूम राखून ठेवायची, दुसऱ्याला नाही म्हणायचं आणि पहिला येतच नाही. हा त्रास सगळीकडे आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी यांनी शिकागोतल्या एका रेस्टॉरंटचं उदाहरण दिलं आहे. तिथे फोनवर ‘बेत बदलला तर कळवा’ असं सांगायचे. मालकानं ते बदलून ‘बेत बदलला तर कळवाल का?’ असं विचारायला लावलं आणि उत्तरासाठी क्षणभर थांबायला सांगितलं. न कळवता गैरहजर राहणाऱ्यांचं प्रमाण ३० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आलं.

मराठीत तर यासाठी एक ‘ना’ पुरतो. ‘‘नाही जमलं तर एक फोन कराल ना दादा?’’ पलीकडून ‘‘हो, करतो की’’ आलं की त्या माणसानं स्वतः शब्द दिलेला असतो. सूचना विसरते, तोंडून गेलेला शब्द सहसा आठवतो. यासाठी सॉफ्टवेअर लागत नाही, आगाऊ रकमेवरून वादही होत नाही. यात्रेच्या आठवड्यात मात्र आगाऊ रक्कम घ्यावीच. ती परत मिळेल की नाही, हे त्याच फोनवर सांगावं.

पाण्याची पाटी कुणी वाचतं का?

मराठवाड्यातल्या जवळजवळ प्रत्येक लॉजच्या बाथरूममध्ये ‘पाणी जपून वापरा’ असं लिहिलेलं असतं. ते कुणी वाचत नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात हॉटेलच्या रूममध्ये दोन प्रकारच्या पाट्या लावून पाहिल्या होत्या. ‘पर्यावरण वाचवा, टॉवेल पुन्हा वापरा’ या पाटीनं ३५ टक्के पाहुण्यांनी टॉवेल पुन्हा वापरला. ‘इथले बहुतेक पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात’ असं लिहिल्यावर हा आकडा ४४ टक्क्यांवर गेला. उपदेशापेक्षा ‘बाकीचे करतात’ हे जास्त चाललं.

लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. ती आठवण इथल्या कुणालाही सांगावी लागत नाही, पण पंजाबहून किंवा मुंबईहून आलेल्या पाहुण्याला ती माहीत नसते. ‘हे पाणी टँकरचं आहे. आमच्याकडे राहणारे बहुतेक जण एका बादलीत भागवतात’ अशी पाटी जास्त काम करेल. टँकर खरंच येत असेल आणि लोक खरंच भागवत असतील तर. आकडा किंवा सवय बनवून लिहिली की पाटी पुन्हा जाहिरात होते.

मॅनेजरला अधिकार किती?

खरी अडचण इथे आहे आणि तिच्याबद्दल कुठल्याच क्लासमध्ये बोलत नाहीत. लहान गावातल्या लॉजवर किंवा धाब्यावर ‘मॅनेजर’ म्हणजे बहुतेक वेळा मालकाचा भाचा, गावातला पदवीधर पोरगा किंवा वेटरमधून वर आलेला माणूस. किल्ल्या, गल्ला आणि शिव्या त्याच्या वाट्याला येतात, निर्णय येत नाही. शंभर रुपये कमी करायचे तरी मालकाला फोन. जेवणात केस निघाला तर बिलातून भाजी वजा करायची की नाही, हेही मालकच सांगणार. अशा माणसाला संवादकौशल्य शिकवणं म्हणजे चाकं काढून घेऊन गाडी चालवायला शिकवणं.

मालकांनी एक प्रयोग करून पाहावा. मॅनेजरला सांगावं, ‘‘एका पाहुण्यामागं दोनशे रुपयांपर्यंतचा निर्णय तुझा. मला विचारू नको, रात्री फक्त वहीत लिही.’’ महिन्याच्या शेवटी वही उघडावी. किती वेळा सूट दिली, का दिली, त्यातले किती पाहुणे थांबले, हे सगळं समोर येईल. वही पाहूनही पटलं नाही तर अधिकार परत घेता येतो. पण ‘पोरगं पैसे खाईल’ या भीतीनं रोज एक-दोन रूम रिकाम्या ठेवणं हा हिशेब उफराटा आहे. पंधराशेची रूम तेराशेला गेली तर दोनशे जातात, रिकामी राहिली तर पंधराशे.

हेच आतल्या माणसांबाबत. पाहुण्यांसमोर वेटरला झापणारा मॅनेजर त्या टेबलावरच्या सगळ्यांना अस्वस्थ करतो. उचल घेऊन लग्नसराईच्या ऐन तोंडावर निघून गेलेल्या आचाऱ्याच्या कहाण्या प्रत्येक हॉटेलात आहेत. त्यातल्या काहींची सुरुवात अशाच एखाद्या चारचौघांतल्या अपमानात सापडेल.

एक स्टार देणाऱ्याला काय उत्तर द्यायचं?

‘टॉयलेट घाण, मॅनेजर उद्धट.’ गुगलवर असं कुणी लिहिलं की पहिली प्रतिक्रिया असते, ‘हे शेजारच्या हॉटेलवाल्यानं लिहिलंय.’ असेलही. पण उत्तर तक्रार करणाऱ्यासाठी नसतंच. ते वाचणार असतो उद्या अहमदपूरहून निघणारा, मोबाइलवर जेवायची जागा शोधणारा पुढचा पाहुणा. ‘‘तुमचं म्हणणं बरोबर आहे. त्या दिवशी सफाई कामगार आला नव्हता आणि आम्ही दुसरी सोय केली नाही. आता दिवसातून तीनदा सफाईची वेळ लिहून लावली आहे. पुन्हा याल तेव्हा बघा.’’ एवढं पुरे. दहा ओळींचा बचाव आणि त्यात तीन उद्गारचिन्हं आली की वाचणारा तक्रारीवरच विश्वास ठेवतो.

भाच्या-पुतण्यांकडून पाच-पाच स्टार टाकून घेणं मात्र टाळावं. ऑनलाइन रिव्ह्यू कसे गोळा करावेत आणि दाखवावेत, यासाठी भारतीय मानक ब्युरोनं २०२२ मध्येच ‘आयएस १९०००’ हे मानक काढलं आहे. आणि तसंही, एकाच दिवशी एकाच आडनावाचे आठ रिव्ह्यू कुणालाही ओळखू येतात.

स्वच्छतागृहाचा विषय निघालाच आहे तर, हायवेवर बायका-पोरांसह जाणारं कुटुंब कुठे थांबायचं हे बहुतेकदा बाई ठरवते, आणि ती मेन्यू बघून ठरवत नाही. ‘फॅमिली रेस्टॉरंट’ हे शब्द इतक्या परमिट रूमच्या पाट्यांवर आहेत की त्यांना आता अर्थ उरलेला नाही. ‘महिलांसाठी वेगळं, स्वच्छ टॉयलेट, पाणी चोवीस तास’ ही ओळ, खरी असेल तर, कोणत्याही थाळीच्या फोटोपेक्षा जास्त गाड्या थांबवेल.

मंगल कार्यालयात तोंडी शब्द महाग का पडतो?

कारण तिथे रक्कम मोठी असते आणि बोलणारे सहा असतात. वधूचा मामा जनरेटरचं बोलतो, वडील ताटांचं, भाऊ डीजेचं. मॅनेजर सगळ्यांना ‘होऊन जाईल’ म्हणतो. लग्नाच्या दिवशी ‘डिझेल तुमचं’ हे वाक्य येतं आणि मांडवात आवाज चढतो. २०२० च्या लॉकडाउनमध्ये लग्नं रद्द झाली तेव्हा आगाऊ रकमेच्या वादात कागद नसलेल्यांचे हाल झाले, दोन्ही बाजूंचे.

यावर उपाय रात्री व्हॉट्सॲपवर पाठवायचा एक संदेश आहे. तारीख, ताटांची संख्या, जास्तीच्या ताटाचा दर, वीज आणि डिझेल कुणाचं, हॉल किती वाजता रिकामा करायचा, रद्द झालं तर किती परत. शेवटी ‘हे बरोबर आहे ना काका?’ समोरून ‘हो’ आलं की ते दोघांनाही बांधतं. वाद झालाच तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि जिल्हा ग्राहक आयोग आहेत, आणि तिथे हा संदेश दाखवता येतो. मॅनेजरला यात कमीपणा वाटण्याचं कारण नाही. लेकीचं लग्न असलेल्या बापाला लिहिलेलं बघून उलट झोप लागते.

ॲप आणि बँकेशी बोलायचं कसं?

पाहुण्याशी नरम बोलणारा मालक ॲपवाल्यापुढे मात्र ‘ते म्हणतील ते’ करतो. बुकिंग ॲपचं कमिशन करारावर ठरतं. समजा ते २० टक्के असेल तर पंधराशेतले तीनशे जातात. आमच्यापेक्षा कमी दर दुसरीकडे देऊ नका, अशा अटींवरून स्पर्धा आयोगानं ऑक्टोबर २०२२ मध्ये मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३ कोटींचा दंड ठोठावला होता. त्यामुळे करार वाचून प्रश्न विचारणं हा उद्धटपणा नाही. थेट फोन करणाऱ्या पाहुण्याला ‘सकाळचा चहा-नाश्ता आमच्याकडून’ म्हणायला तर फारसा खर्चही येत नाही.

बँकेतही तेच. मुद्रा योजनेत आधीचं ‘तरुण’ गटातलं कर्ज फेडलेल्यांना २०२४ पासून २० लाखांपर्यंत कर्ज मिळू शकतं. शाखेत जाऊन ‘धंदा जोरात आहे साहेब’ म्हणण्यापेक्षा वर्षभराचं रूमचं रजिस्टर पुढे ठेवावं. महिन्याला किती रात्री भरल्या, यात्रेत किती, पावसाळ्यात किती. मॅनेजरनं ती दोनशे रुपयांची वही ठेवली असेल तर तीही.

माळेगावच्या यात्रेत दर वाढतात, वाढणारच. तेव्हाही फरक पडतो तो पाटी कधी लागते यानं. महिनाभर आधी दर्शनी भागात ‘यात्रेचे चार दिवस : रूम २,०००, एसीसकट, गाडी लावायची जागा फुकट’ असं लिहून लावलं तर लातूरचा घोड्यांचा व्यापारी ते वाचून, कुरकुरत का होईना, बुकिंग करतो. तोच आकडा रात्री अकरा वाजता काउंटरवर, त्याचं बोचकं आणि टोपी बघून ऐकवला, तर तो पैसे देतो, झोपतो आणि पुढच्या वर्षी शेजारच्या लॉजवर उतरतो.